प्रकाशाची छिन्नी

जुन्या घरातील फडताळ उघडून पाहिले, तर पितळेचे गंज, तांब्याचे हंडे, फुलपात्रे, वाट्या आणि ताटे यांच्या काठाशी बारीक ठिपक्यांनी लिहिलेली अक्षरे आढळतात. त्यांत कधी घरधन्याचे नाव असते, कधी अहेर करणाऱ्या मामाचे, तर कधी नुसती लग्नाची किंवा मुंजीची तारीख असते. ही नावे हौसेने घातली जात हे खरे. परंतु त्यांचे मुख्य कारण व्यावहारिक होते. पूर्वी एखाद्या घरी कार्य निघाले, म्हणजे साऱ्या आळीतून भांडी गोळा केली जात. पंगती उठल्यावर आणि भांडी घासून झाल्यावर कोणता गंज कोणाचा, हे ओळखायचे कसे? भांड्यावर नाव असले, म्हणजे वादाला जागा उरत नसे.

हे नाव घालण्याची रीत पाहण्यासारखी होती. भांड्यांच्या दुकानातील कारागीर मांडीशी भांडे धरी, टोकदार छिन्नी त्यावर टेकवी आणि तिच्या डोक्यावर लहान हातोडीने झरझर ठोके देई. प्रत्येक ठोक्याला एक ठिपका पडे, आणि ठिपक्यांच्या रांगेतून अक्षर उमटे. आधी पेन्सिलीने आखून घेण्याची त्याला गरज भासत नसे. किती अक्षरे किती जागेत बसतील, याचा अंदाज त्याच्या डोळ्यांत मुरलेला असे. पुढे विजेवर चालणारी, थरथरत्या सुईची लेखणी आली. तिने काम जलद होऊ लागले. पण अक्षर मात्र कारागिराच्या हाताचेच राहिले.

धातूवर अक्षरे कोरण्याची ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. चालुक्य, राष्ट्रकूट, शिलाहार आणि यादव या राजवंशांनी दिलेले अनेक ताम्रपट आज उपलब्ध आहेत. राजाने एखादे गाव किंवा जमीन दान दिली, म्हणजे त्या दानाचा लेख तांब्याच्या पत्र्यांवर कोरून दान घेणाऱ्याच्या स्वाधीन केला जाई. बहुधा तीन पत्रे एका कडीत ओवलेले असत, आणि कडीवर राजमुद्रा उठविलेली असे. पहिल्या व शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू कोरी ठेवीत, म्हणजे हाताळताना लेख झिजत नसे. पुष्कळदा पत्र्याच्या कडाही किंचित उचललेल्या असत. त्यामुळे एक पत्रा दुसऱ्यावर घासून अक्षरे पुसट होत नसत. तो ताम्रपट म्हणजे त्या कुटुंबाच्या उपजीविकेचा पुरावा होता. गावाच्या चतुःसीमा सांगताना एक अक्षर चुकले, तर पुढील पिढ्यांना त्याचा जाच झाला असता.

चुका होतच नसत, असे मात्र नाही. लेख रचणारा एक, तो पत्र्यावर लिहिणारा दुसरा आणि कोरणारा तिसरा, अशी कामाची वाटणी अनेकदा असे. कोरणाऱ्याला वाचता येतच होते असे नाही. त्यामुळे एखादी वेलांटी राही, एखादे अक्षर दोनदा येई. अशा वेळी कारागीर चुकलेली जागा ठोकून सपाट करी आणि तिच्यावर नवे अक्षर कोरी. कित्येक ताम्रपटांवर जुन्या अक्षराच्या खुणा नव्याच्या खाली आजही दिसतात. तांबे मऊ आहे, म्हणून एवढी क्षमा ते करू शकते.

आता याच कामासाठी एक नवी छिन्नी निघाली आहे. तिला टोक नाही, वजन नाही, आणि ती धातूला स्पर्शही करीत नाही. ही छिन्नी प्रकाशाची आहे. तिचे नाव लेसर.

प्रकाशाने धातू कसा खोदला जाईल, अशी शंका कोणालाही येईल. दिव्याचा प्रकाश रात्रभर ताटावर पडला, तरी ताट जसेच्या तसे राहते. लेसरचा प्रकाश निराळा कशामुळे, हे समजण्यास एक ओळखीचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर शेकडो माणसे चालत असतात. प्रत्येकाची वाट वेगळी आणि चाल वेगळी. साध्या दिव्याचा प्रकाश हा असा असतो. त्यात अनेक रंगांच्या लहरी असतात आणि त्या चहूकडे पसरतात. याउलट लेझीम खेळणारे पथक पाहावे. सर्वांचे पाऊल एकाच वेळी उचलले जाते, सर्वांच्या हाती एकच ठेका असतो, आणि सारे पथक एका दिशेने सरकते. लेसरच्या प्रकाशातील लहरी अशा एका लांबीच्या, एका तालाच्या आणि एका दिशेच्या असतात. म्हणून भिंगाच्या साहाय्याने त्या सुईच्या अग्राहूनही लहान बिंदूवर एकवटता येतात. बहिर्गोल भिंगाने सूर्यप्रकाश एकवटून कागद जाळण्याचा खेळ पुष्कळांना ठाऊक असतो. तत्त्व तेच, मात्र येथील एकाग्रता कितीतरी पटींनी अधिक आहे.

अशा प्रकाशाची शक्यता आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या १९१७ सालच्या लेखात बीजरूपाने होती. उत्तेजित अवस्थेतील अणूजवळून योग्य लहरीचा प्रकाश गेला, तर तो अणू अगदी तशाच प्रकाशाची भर घालतो, हे त्यांनी गणिताने दाखविले. ते प्रत्यक्षात उतरण्यास पुढे त्रेचाळीस वर्षे लागली. १६ मे १९६० रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात थिओडोर मेमन यांनी बोटाच्या पेराएवढ्या माणकाच्या कांडीतून लेसरचा पहिला लाल झोत निर्माण केला. लेसर हे नाव त्या क्रियेच्या इंग्रजी वर्णनातील शब्दांची आद्याक्षरे जोडून तयार झाले आहे.

येथे एका शास्त्रज्ञाचा परिचय करून घेणे अगत्याचे आहे. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामती येथे झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी मिळवून ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले, आणि तेथून डॉक्टरेट घेऊन १९६१ साली बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. तेथे १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूपासून लेसर तयार केला. आपण उच्छ्वासातून जो वायू बाहेर टाकतो, तोच हा वायू. माणकाच्या लेसरचा प्रकाश क्षणभर चमकून थांबे. पटेल यांच्या लेसरचा झोत अखंड वाहू लागला, आणि त्याची शक्तीही वाढविता येऊ लागली. लाकूड, कातडे, कापड, कागद आणि प्लॅस्टिक कापण्यासाठी, त्याचप्रमाणे शस्त्रक्रियेसाठीही हा लेसर जगभर वापरला जातो. लाकडी पाट्यांवर आणि लग्नपत्रिकांवर दिसणारी नाजूक जाळी पुष्कळदा त्याच्याच साहाय्याने कापलेली असते. १९९६ साली पटेल यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक देण्यात आले.

असे असले तरी तांब्याच्या उघड्या पत्र्यापुढे या लेसरचे फारसे काही चालत नाही. त्याच्या प्रकाशलहरीची लांबी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी असते. घासूनपुसून लखलखीत केलेला धातू एवढ्या लांबीच्या लहरींना आरशाप्रमाणे परत फिरवितो. जो प्रकाश परत फिरला, त्याची उष्णता धातूला मिळणार कशी? पोलादावर विशिष्ट रासायनिक लेप लावून त्यावर हा झोत फिरविला, तर तो लेप तापून पृष्ठाला चिकटतो आणि काळी खूण उठते. पण तिला कोरणे म्हणता येणार नाही.

धातूसाठी निराळा लेसर उपयोगी पडतो. त्याला फायबर लेसर म्हणतात. त्यात काचेचा केसासारखा बारीक तंतू वेटोळे करून ठेवलेला असतो, आणि त्या काचेत इटर्बियम नावाचे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळलेले असते. लहान लहान दिव्यांचा प्रकाश या तंतूत सोडला, म्हणजे त्यातून लेसरचा झोत तयार होऊन बाहेर पडतो. या झोताच्या लहरीची लांबी मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी, म्हणजे वायूच्या लेसरच्या एक दशांश असते. या लहरी धातूत अधिक प्रमाणात शोषल्या जातात. तांबे आणि पितळ येथेही हट्ट धरतात आणि पुष्कळ प्रकाश परत धाडतात. परंतु पोलाद लवकर वश होते.

या यंत्राचे खरे बळ त्याच्या ठोक्यांत आहे. धातूवर खुणा करण्यासाठी वापरले जाणारे साधारण यंत्र २० वॉटचे असते. वीस वॉट म्हणजे घरातील एखाद्या दिव्याची शक्ती. तेवढ्याने पोलाद वितळावे, हे चमत्कारिक वाटते. परंतु हे यंत्र आपला प्रकाश सलग सोडीत नाही. तो एका सेकंदात, समजा, २०,००० स्पंदांत वाटून देते. म्हणजे एका स्पंदाच्या वाट्याला एका ज्यूलचा हजारावा भाग येतो. आता तो स्पंद केवळ एका सेकंदाच्या कोट्यंश भागापुरता टिकतो, असे धरले, तर त्या क्षणापुरती त्याची शक्ती दहा हजार वॉट भरते! दिवसभर टाकीत साचलेले पाणी एका लोंढ्याने सोडून द्यावे, तसे हे आहे. त्या लोंढ्याखाली सापडलेला धातूचा सूक्ष्म कण वितळतो, त्याची वाफ होते आणि तो उडून जातो. मागे उरतो एक बारीक खळगा. तांबे वितळण्यास १०८५ अंश सेल्सिअस तापमान लागते, हे लक्षात घेतले, म्हणजे त्या एवढ्याशा बिंदूत किती उष्णता कोंडली जात असेल याची कल्पना येते. भांडे मात्र त्या वेळी हाताला फारसे गरमही लागत नाही.

झोत हवा तेथे नेण्याचे काम दोन छोटे आरसे करतात. शाळेच्या प्रयोगशाळेत विजेचा सूक्ष्म प्रवाह दाखविणारा गॅल्व्हानोमीटर असतो. त्यातील काटा जसा प्रवाहाबरोबर वळतो, तसे हे आरसे वळतात. एक आरसा झोताला डावी-उजवीकडे नेतो, दुसरा पुढे-मागे. त्यामुळे यंत्राचे डोके किंवा भांडे यांपैकी काहीच हलत नसताना अक्षर उमटत जाते. झोत सेकंदाला १००० मिलिमीटर वेगाने फिरत असेल आणि तेवढ्या वेळात २०,००० स्पंद पडत असतील, तर दोन खळग्यांमधील अंतर एका मिलिमीटरचा विसावा भाग येते. खळगे एकमेकांना टेकतात, आणि डोळ्यांना अखंड रेघ दिसते. वेग पुष्कळ वाढविला, तर मात्र खळगे सुटे होतात, आणि भिंगातून पाहिल्यास ठिपक्यांची रांग दिसू लागते. जुन्या कारागिराच्या छिन्नीने हेच केले होते. तो सेकंदाला चार-पाच ठोके देई, एवढेच.

या यंत्रावर काम शिकू लागलेल्या तरुणाला पहिल्या दिवशी वाटते, की चित्र संगणकात घालावे, कळ दाबावी आणि काम संपवावे. तो घाईघाईने कळ दाबतो. यंत्र सुरूही होते. परंतु पत्र्यावर धड एक रेघ उमटत नाही. कारण बहुधा साधे असते. भिंग आणि धातू यांच्यातील अंतर बरोबर नसते. सूर्यप्रकाशाने कागद जाळताना भिंग पुढेमागे करून तेजाचा ठिपका सर्वांत लहान करून घ्यावा लागतो, तेच येथेही आहे. अंतर काही मिलिमीटरने चुकले, तरी बिंदू पसरतो आणि त्याची धार जाते. म्हणून कामापूर्वी अंतर मोजून यंत्राचे डोके वर किंवा खाली करावे लागते. सपाट पत्र्यावर हे सोपे असते. तांब्याच्या गोल पोटावर मात्र मधला भाग जवळ आणि कडेचा भाग दूर पडतो. त्यामुळे मधली अक्षरे ठसठशीत आणि कडेची पुसट येतात. त्यावर उपाय म्हणून भांडे हळूहळू फिरविणारे उपकरण जोडतात, आणि एका वेळी थोडाच भाग कोरतात. नवशिक्याने मात्र सपाट पट्टीनेच आरंभ करावा हे उत्तम.

दुसरा प्रश्न असतो तो शक्ती, वेग आणि स्पंदसंख्या किती ठेवावी याचा. याचे उत्तर दुसऱ्याच्या वहीतून जसेच्या तसे मिळत नाही. यंत्र निराळे असते, भिंग निराळे असते, आणि पोलाद म्हणून विकला जाणारा प्रत्येक पत्राही एकसारखा नसतो. म्हणून जाणते कारागीर आधी चाचणीची चौकट काढून घेतात. त्याच धातूच्या टाकाऊ तुकड्यावर पंचवीस लहान चौकोन आखले जातात. डावीकडून उजवीकडे वेग वाढत जातो, आणि खालून वर शक्ती वाढत जाते. काम झाल्यावर तुकडा हाती घेऊन पाहिला, की कोठे नुसती धूसर छाया उमटली आहे, कोठे स्वच्छ रेघ आली आहे आणि कोठे धातू जळून खडबडीत झाला आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. जो चौकोन सर्वांत चांगला, त्याचे आकडे वहीत उतरवून ठेवायचे. अशी वही ज्याच्याजवळ आहे, त्याचे हात स्थिर राहतात. ज्याच्याजवळ ती नाही, तो गिऱ्हाइकाच्या भांड्यावर प्रयोग करीत असतो.

गंजरोधक पोलाद, ज्याला आपण बोलण्यात नुसते स्टील म्हणतो, त्याची एक मौज आहे. त्यावर दोन प्रकारांनी लिहिता येते. झोत तीव्र करून फिरविला, तर धातू उडून खोल अक्षर कोरले जाते. खोली एकदम मिळत नाही; एका फेरीत मिलिमीटरचा शंभरावा भागही खोदला जाईलच असे नाही, म्हणून त्याच रेषेवर पुन्हा पुन्हा फिरावे लागते. परंतु तोच झोत किंचित पसरवून सावकाश फिरविला, तर धातू न उडता केवळ तापतो. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन पृष्ठावर अतिशय पातळ थर बनतो, आणि तेथे काळी खूण दिसते. बोट फिरविले, तर काही लागत नाही. पृष्ठ गुळगुळीतच असते. या थराची जाडी कमीअधिक झाली, तर काळ्याऐवजी सोनेरी, जांभळा किंवा निळा रंगही दिसतो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर तेलाचा थेंब पसरून जे रंग दिसतात, तेही पातळ थराचेच रंग होत. शस्त्रक्रियेच्या हत्यारांवर अशी गुळगुळीत काळी अक्षरे घालतात, कारण कोरलेल्या खाचेत मळ साचण्याची भीती असते.

ॲल्युमिनियमच्या रंगीत पाण्याच्या बाटल्यांवर नाव घालणे त्याहून सोपे. तेथे रंगीत थर तेवढा उडवायचा असतो. खालून पांढरट अक्षर दिसू लागते. तांबे आणि पितळ यांचा हट्टी स्वभाव वर सांगितलाच आहे. त्यांना अधिक शक्ती आणि अधिक फेऱ्या लागतात, आणि नवशिक्याचा धीरही.

एका गोष्टीविषयी मात्र अधिक विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, आणि ती म्हणजे डोळे. फायबर लेसरचा झोत मनुष्याला दिसत नाही. काम चालू असता धातूवर जी ठिणगी चमकते, ती तापलेल्या धातूची असते. लेसरचा प्रकाश तिच्यात दिसत नाही. जो प्रकाश दिसत नाही, त्याच्यापुढे पापणी मिटत नाही. परंतु डोळ्याच्या बाहुलीतून तो आत जाऊ शकतो, आणि डोळ्यातील भिंग त्याला मागच्या पडद्यावर अचूक एकवटते. यंत्राच्या भिंगाने धातूचे जे केले, तेच डोळ्याच्या भिंगाने पडद्याचे होते. तेथे वेदना जाणवत नाही. दृष्टीत एक काळा डाग उरतो, आणि तो जन्मभर जात नाही. सरळ झोतात डोळा घालण्याइतके वेडे कोणी नसते. धोका परतून आलेल्या प्रकाशाचा असतो. आणि लखलखीत गोल भांडे तो कोणत्या दिशेला परतवील, याचा नेम नाही.

म्हणून चांगल्या यंत्रावर सर्व बाजूंनी बंद पेटी असते, आणि तिचे दार उघडताच झोत थांबतो. पेटी नसेल, तर त्या विशिष्ट लहरलांबीसाठी केलेला चष्मा लावणे भाग आहे. कोणत्या लांबीच्या लहरी तो अडवितो, याचा आकडा त्याच्या काचेवर छापलेला असतो. उन्हाचा काळा चष्मा येथे निरुपयोगी आहे. इतकेच नव्हे, तर वायूच्या लेसरसाठी केलेला स्वच्छ प्लॅस्टिकचा चष्माही फायबर लेसरपुढे कुचकामी ठरतो. पहिल्याच्या लहरी प्लॅस्टिकमध्ये अडतात, दुसऱ्याच्या आरपार जातात. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही डोळे आहेत, हे कित्येक दुकानांतून विसरले जाते. चष्मा चालविणाऱ्याच्या डोळ्यांवर असतो, आणि कौतुकाने पाहणारी मुले उघड्या डोळ्यांनी भोवती उभी असतात. ही गोष्ट अक्षम्य म्हटली पाहिजे. मुलांनी या यंत्राजवळ मोठ्या माणसांच्या देखरेखीखेरीज जाऊ नये.

धुराचेही तसेच. धातूची वाफ थंड होऊन तिची अतिसूक्ष्म धूळ बनते. ती ओढून घेणारी नळी यंत्राशी जोडलेली असावी. जस्ताचा किंवा क्रोमियमचा मुलामा दिलेल्या वस्तूंचा धूर विशेष अपायकारक असतो. रेक्झिनसारख्या क्लोरीनयुक्त प्लॅस्टिकवर झोत पडला, तर निघणारा वायू फुप्फुसांनाही जाळतो आणि यंत्रालाही गंज चढवितो.

मराठी अक्षरे कोरताना आणखी एक अडचण येते, आणि ती परदेशी पुस्तकांत सहसा सापडत नाही. यंत्र चालविणाऱ्या काही आज्ञावली रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनविलेल्या आहेत. त्या लिपीत एकापुढे एक अक्षर मांडले, की शब्द झाला. देवनागरीत वेलांटी आधी दिसते पण उच्चार मागून होतो. रफार पुढील अक्षराच्या डोक्यावर चढतो. दोन व्यंजने मिळून तिसराच आकार धारण करतात. आज्ञावलीला हे ठाऊक नसले, म्हणजे ‘विठ्ठल’ या नावातील वेलांटी व-च्या पलीकडे जाऊन बसते, आणि ठ-खाली पाय मोडलेला राहतो. ‘लक्ष्मी’चे चार तुकडे होतात. म्हणून आधी दुसऱ्या, देवनागरी नीट जाणणाऱ्या आज्ञावलीत नाव लिहावे, त्या अक्षरांचे रूपांतर रेषाकृतीत करावे, आणि मग ती आकृती यंत्राकडे द्यावी. तरीही काम संपत नाही. अक्षराचा दंड आणि शिरोरेषा जेथे एकमेकांवर येतात, तेथे यंत्र कधीकधी ती जागा कोरी सोडते. दोन्ही आकृती जोडून एकजीव केल्या, तरच शिरोरेषा अखंड येते.

अक्षर फार लहान केले, तर आणखी एक विघ्न येते. अनुस्वाराचा ठिपका शिरोरेषेला चिकटून दिसेनासा होतो, आणि ‘नंदा’ची ‘नदा’ होते. छिन्नीने लिहिणारा जुना कारागीर अनुस्वारासाठी मुद्दाम एक जोरकस ठोका देई. यंत्राला ते आपण होऊन सुचत नाही. सांगणाऱ्याला सुचावे लागते.

इतकी सूक्ष्म अक्षरे आता प्रत्येक घरात आली आहेत. भारतात २०२१ सालापासून सोन्याच्या दागिन्यांवर शुद्धतेच्या चिन्हाबरोबर सहा अक्षर-अंकांची एक खूण घालण्यास आरंभ झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या खुणेखेरीज हॉलमार्कचा दागिना सराफाला विकता येत नाही. प्रत्येक दागिन्याची खूण निराळी असते. आईच्या अंगठीची आतील बाजू भिंगाखाली धरली, तर मानक ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, ९१६ सारखा शुद्धतेचा आकडा आणि ही खूण वाचता येते. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने. अंगठीच्या आत छिन्नी चालविण्यास जागा कोठून असणार? ते काम लेसरचा झोत क्षणार्धात करतो, आणि सोनेही फारसे झिजवीत नाही.

परंतु लेसरने खोल कोरलेल्या भांड्यावर ताम्रपटाप्रमाणे ठोकून सपाट करण्याची सोय नाही. तेथील धातू उडून गेलेला असतो. चुकलेले अक्षर काढायचे, तर भोवतालचा सारा भाग तितकाच खोल घासावा लागतो. पातळ स्टीलच्या वाटीचे मग भोकच व्हायचे. म्हणून सावध दुकानदार कोरण्यापूर्वी तेच नाव, त्याच आकारात, कागदावर छापून गिऱ्हाइकाच्या हाती देतो.

“काकू, एकदा मोठ्याने वाचून घ्या. मागाहून बदलता येणार नाही.”

काकू चष्मा पुसून कागद डोळ्यांजवळ धरतात. त्यांच्या सासूबाईंचा तांब्या समोर ठेवलेला असतो. तो नातीच्या लग्नात द्यायचा असतो.

“अहो दादा, ‘शांता’वरचे टिंब कुठे गेले?”

तरुण ओशाळून हसतो, संगणकावर अनुस्वार मोठा करतो, नवा कागद छापून पुन्हा त्यांच्यापुढे धरतो. या वेळी काकू मान डोलावतात. मग तो तांब्या पुसून यंत्राखाली बसवितो, अंतर मोजतो, काकूंना दोन पावले मागे सरायला सांगतो आणि पेटीचे दार लावून घेतो.